रावेरची विहीर आणि मुंबईकरांची यादी

खानदेशात कधी जावं, असं कुणी विचारलं की मी डोळे मिटून डिसेंबर सांगते. भरताची वांगी बाजारात आलेली असतात, ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं आणि सकाळी केळीच्या बागांमधून जाताना शाल लागते. मे महिन्यात चुकूनही जाऊ नका, तिथली माणसंसुद्धा दुपारी उंबरठा ओलांडत नाहीत. एवढं सांगून मी विषय बदलते. माझ्या त्या चार दिवसांबद्दल मी कुणाला सविस्तर सांगितलेलं नाही. मागच्या आठवड्यात ब्लॉगच्या एका वाचक मुलीने रावेरला कसं जायचं ते विचारलं, आणि उत्तर लिहायला बसले तर एवढ्यावर भागेना. म्हणून आज सगळंच लिहिते आहे.

मी गेले ते एक्क्याण्णव सालच्या डिसेंबरात, आणि फिरायला मुळीच नाही. सव्वीस वर्षांची होते, दादरमधल्या एका छोट्या प्रकाशनात कामाला होते. मुंबईच्या नामवंत माणसांचा एक कोश निघायचा होता. गवई, डॉक्टर, खेळाडू, शास्त्रज्ञ, नकलाकार, सगळे. देसाई सर त्याचे संपादक. पहिल्याच बैठकीत ‘मुंबईचा कोणाला म्हणायचं’ यावर अशी जुंपली की सगळ्यांचे चहा गार झाले. कुणी दहा वर्षं नोकरीपुरता आलेला, कुणी लग्न होऊन निघून गेलेली, कुणी नुसताच श्रीमंत. शेवटी सरांनी टेबलावर हात आपटला. ज्याचा जन्म मुंबईत तो मुंबईचा, बाकी चर्चा बंद. तो नियम मीच टाइप करून भिंतीवर चिकटवला. मला तो फार आवडला होता. कुठलीही गोष्ट एका ओळीत बसली की मला बरं वाटतं, हा माझा जुना दोष आहे.

वर्षभरात जवळजवळ सगळी कार्डं भरून झाली, दोन अडकली. एक इंदुमतीबाईंचं. पन्नासच्या दशकात मुंबईच्या समुद्रात लांब पल्ल्याच्या शर्यती मारणाऱ्या बाई, आता मुक्काम रावेरजवळचं एक खेडं. दुसरं धुळ्यातल्या एका वनस्पती-अभ्यासकांचं, ते जन्माने मुंबईचे असावेत असं कुणीतरी कळवलेलं. सातपुड्यातल्या झाडाझुडपांवर त्यांचा शब्द शेवटचा मानत. दोन्ही कार्डांवर जन्मस्थळाची जागा कोरी. पत्रं पाठवून झाली, उत्तरं अर्धवट आली. सर म्हणाले, “शुभा, तूच जाऊन ये. धुळ्याला तुझे मामा आहेत ना? मग झालं की. आणि हे काम नीट तडीला नेलंस तर आतल्या पानावर सहसंपादक म्हणून तुझं नाव टाकू.” मी त्याच दिवशी तिकीट काढलं.

सकाळी जळगावला उतरले. स्टेशनबाहेरच स्वस्त लॉज मिळतात, तेव्हाही मिळत. मी एका खोलीत पिशवी टाकली, समोरच्या गाडीवर पोहे खाल्ले आणि थेट वाचनालयात गेले. तिथल्या ग्रंथपालांनी नुकतीच जिल्ह्यातल्या नामवंतांची एक स्मरणिका काढली होती, त्यात इंदुमतीबाईंचा जन्म कुठला दिलाय ते पाहू, म्हणजे निम्मं काम इथेच होईल, असा माझा हिशोब. स्मरणिका चाळली, नावच नाही.

“त्या होय,” ग्रंथपाल चष्मा पुसत म्हणाले. “त्या मुंबईच्या बाई. इकडे उशिरा आल्या. आम्ही आपल्या मातीतली माणसं घेतली.”

“पण राहतात रावेरला, वीस वर्षं झाली.”

“राहोत ना. गावात विचारा तुम्ही, सगळे त्यांना मुंबईवाली अक्काच म्हणतात.” आणि मग मऊ आवाजात म्हणाले, “तुमच्या पुस्तकात येतीलच की त्या. तिकडचंच पुस्तक त्यांना शोभेल.”

मला त्यांचं म्हणणं पटलं. खूश होऊन मी दुपारी शेवभाजी खाल्ली आणि डोळ्यांतून पाणी काढत बाहेर पडले. नव्याने जाणाऱ्यांनी पहिल्या दिवशी शेवभाजी अर्धी प्लेट मागवावी. वरचा लाल तवंग चमच्याने बाजूला करायला हरकत नाही, कुणी हसत नाही. म्हणजे हसतात, पण मागे वळून.

दुसऱ्या दिवशी एसटीने रावेर. भुसावळला गाडी बराच वेळ थांबली, तेव्हा दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर आभाळात आडवा पसरलेला दिसत होता. मग तापीचा पूल, आणि पुलानंतर सगळंच बदललं. दोन्ही बाजूंना केळी, नुसती केळी. फैजपूर, सावदा, एकामागून एक गावं आणि प्रत्येक गावाच्या तोंडाशी घडांनी भरलेले ट्रक, ट्रॅक्टर, खाली अंथरलेली केळीची पानं आणि हातात विळा घेतलेली माणसं. शेजारी बसलेल्या आजींनी पिशवीतून दोन केळी काढून माझ्या मांडीवर ठेवली. खिडकी डावीकडची धरा म्हणजे सातपुडा दिसत राहतो.

रावेरच्या स्टँडवर इंदुमतीबाईंचे मामेभाऊ सुधाकरभाऊ घ्यायला आले होते. पन्नाशीचे, पांढरा पायजमा, खांद्यावर टॉवेल.

“या ताई. मोटरसायकल पंक्चर झाली, टॅक्टर आनलाय. बसता का? काई व्हत नाही, घट धरून बसा.”

मडगार्डवर बसून, एका हाताने कार्डांची पिशवी आणि दुसऱ्या हाताने लोखंडी पट्टी धरून मी सहा किलोमीटर गेले. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वाटेत भाऊ ओरडून ओरडून बोलत होते, कारण इंजिनच्या आवाजात दुसरा इलाज नव्हता. “अक्का लय जिद्दी हाये! तुमचं पत्र आलं तवापासून चार खेपा वाचलं! पुस्तकात नाव येनार म्हने!”

मी नुसती हसले. येणार की नाही ते कार्डावर काय लिहिलं जातं त्यावर होतं, पण ट्रॅक्टरवर बसून हे ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. असं मी तेव्हा स्वतःला समजावलं.

अक्का घरी नव्हत्या, विहिरीवर होत्या. भाऊंच्या केळीच्या बागेत मोठी दगडी विहीर होती, पायऱ्यांची. काठावर पोचले तर खाली पाण्यात साठीची एक बाई सलवार-कमीज घालून पाठीवर पडून तरंगत होती, आणि बारा-तेरा वर्षांची एक मुलगी केळीच्या खांबाला मिठी मारून पाय झाडत होती. घड उतरवल्यावर केळीचं झाड तोडतात, त्याचा हातभर जाड खांब पाण्यावर लाकडासारखा तरंगतो. अक्कांनी पोहायला शिकवायची ही पद्धत काढली होती. पहिल्या दिवशी पूर्ण खांब, आठवड्याने त्यातला एक तुकडा कापायचा, मग आणखी एक. खांब छोटा होत जातो आणि एक दिवस पोराच्या हातात फक्त सालपट उरतं. तोवर ते पोहायला लागलेलं असतं.

“आलीस?” अक्का खालूनच म्हणाल्या. आवाज खणखणीत, बोली थेट गिरगावातली. “पाणी कोमट आहे, येतेस का आत?”

मला पोहता येत नाही. मुंबईत जन्म काढला, समुद्राला रोज पाहते, पण घोट्यापलीकडे कधी गेले नाही, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या मनापासून हसल्या.

काठावर त्या मुलीची आई दगडावर पाठ टेकून बसली होती. मुलीचं नाव रेखा. आईने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, “मुंबईहून आले का तुमी? खरंच का व बाई, अक्का समुद्रात पवे?”

“खरंच. शर्यती जिंकल्यात त्यांनी.”

“तुमी पायलं?”

मी नव्हतं पाहिलं. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. तिने मान हलवली, जणू तिला हवं ते उत्तर मिळालं. “पोरीच्या जातीले पवनं काहाले पाह्यजे? उन्हात काळी पडली त करीन कोन तिले? म्या म्हनलं दिवाळीलोक ये, मंग बस झालं. पन ऐकत नाही.”

जेवण बागेतच होतं. माझ्यासाठी भरताचा बेत केला होता. हिरवी लांब वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजली, लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर ठेचली, वरून कांद्याची पात, शेंगदाणे आणि तेल. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. मुंबईत भरीत म्हणून जे खातो त्याला मी पुन्हा त्या नावाने हाक मारलेली नाही. मी तिसरी भाकरी घेतली तेव्हा भाऊ इतके खूश झाले की त्यांनी चौथी न विचारता वाढली.

खाता खाता अक्का बोलत होत्या. वडील गिरणीत जॉबर, गिरगावात चाळीतली खोली, चौपाटीवर पोहायला शिकल्या. पुढे एका शाळेत खेळाच्या शिक्षिका झाल्या. लग्न केलं नाही. वडील गेल्यावर आईने माहेरी जायचा ध्यास घेतला. चार महिने म्हणून तिला घेऊन इथे आल्या, ती अंथरुणाला खिळली आणि आठ वर्षं गेली. आई गेली तोवर मुंबईची खोली सुटली होती.

“पेले होते माझे, सहा. आईच्या आजारपणात घर हलवताना कुठे गेले देव जाणे. कात्रणं होती ती वाळवीने खाल्ली. क्लबात नावांचा एक फलक होता, तो नव्याने रंगवला तेव्हा जुनी नावं घेतली नाहीत म्हणे.” त्या हे सगळं तक्रार नसल्यासारखं सांगत होत्या. मग पुढे झुकल्या. “मला कौतुक नको ग. पण पाच मुली होत्या माझ्याकडे, आता ही एकटी उरली. आयांना वाटतं मी थापा मारते. इथल्या विहिरीत दरवर्षी कुणीतरी धुणं धुताना घसरतं, आणि मुलींना पोहणं मात्र नको. मुंबईचं छापील पुस्तक दाखवलं, त्यात माझं नाव दाखवलं, तर दोनचार जणी तरी ऐकतील. छापलेल्यावर विश्वास असतो लोकांचा. येईल ना नाव?”

मी म्हणाले, “येईल.”

हा शब्द मी कसा म्हणाले ते मला अजून नेमकं आठवतं. तोंडात घास होता. नियम मला ठाऊक होता, आईचं माहेर इथलं म्हटल्यावर अंदाजही आलेला होता, तरी तो मी त्यांना सांगितला नाही. समोर गरम भाकरी होती आणि माणसं प्रेमाने वाढत होती, एवढंच कारण.

जेवण झाल्यावर मी कार्ड काढलं. नाव, शिक्षण, शर्यती, एकेक लिहिलं. मग जन्मस्थळ.

“ते इथलंच,” अक्का म्हणाल्या. “आईचं पहिलं बाळंतपण, माहेरी आली होती. भाऊच्या घरात मागची खोली आहे ना, तिथे झाले मी. तीन महिन्यांची होते तेव्हा मुंबईला नेलं.”

माझं पेन थांबलं. भाऊंनी ते पाहिलं. माणूस हुशार. “काय झालं ताई? तिथी काई अडचन हाये का? मंग मुंबई टाकून द्या ना. कोन पाह्याले येते?”

“नाही हं भाऊ,” अक्का एकदम म्हणाल्या. “खोटं कशाला? आई या खोलीत कळा सोसत होती आणि मी जन्म दुसरीकडे लिहू? लिही ग तू, रावेर तालुका.”

मी लिहिलं. माझं अक्षर त्या दिवशी विशेष चांगलं आलं. अक्कांना त्या ओळीची किंमत माहीत नव्हती, मला होती. मी एवढं जरी म्हटलं असतं, “अक्का, असं लिहिलं तर नाव येणार नाही,” तरी निदान निवड त्यांची झाली असती. निघताना त्यांनी मला विहिरीत फेऱ्या मारून दाखवल्या. “समुद्रात सरळ पोहायचे, इथे गोल,” म्हणाल्या. काठावरून रेखा मोजत होती. अठरा फेऱ्या झाल्यावर मला एसटीची वेळ झाली म्हणून त्या थांबल्या.

तिसऱ्या दिवशी जळगावहून धुळ्याची गाडी धरली. हा रस्ता तेव्हा अरुंद होता, कापसाच्या गाड्या आडव्या यायच्या. आता मोठा झालाय म्हणतात. एरंडोलला उतरून पद्मालय करून घ्या. गावापासून थोडं आत, झाडीत तळं आणि गणपतीचं देऊळ आहे. मी गेले तेव्हा देवळात गर्दी नव्हती. तळ्यात कमळं होती, आणि एक बाई मुलाला सांगत होती की पाण्यात वाकायचं नाही. मी पायरीवर बसून पिशवीतलं अक्कांचं कार्ड काढलं आणि पुन्हा ठेवून दिलं.

धुळ्यात आधी अभ्यासकांकडे गेले. सगळे त्यांना नाना म्हणत. घरभर वर्तमानपत्रांत दाबून वाळवलेली पानं, बसायला खुर्ची रिकामी करावी लागली. प्रश्न विचारायच्या आधीच त्यांनी जन्माचा दाखला पुढे केला. मुंबई महापालिकेचा.

“माझ्या आईचं माहेर गिरगाव,” नाना म्हणाले. “पहिला मुलगा, म्हणून बाळंतपणाला तिकडे गेली. सव्वा महिन्याचा झालो आणि मला इकडे आणलं. मुंबईत मी सव्वा महिना होतो, तोही बहुतेक झोपलेला. नंतर तीनदा गेलो असेन. जीव घाबरतो माझा तिथे. तुमच्या पुस्तकात माझं काय काम?”

“नियमाप्रमाणे तुम्ही मुंबईचे आहात नाना.”

ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. “म्हणजे माझी आजी जिथे राहायची तिथला मी! बरंय, छापा. पण एक विचारू? ज्यांच्या आईचं माहेर खेड्यात, असे तुमचे किती मुंबईकर बाहेर राहिले असतील?”

मी म्हणाले, अपवाद सगळीकडेच असतात. आणि त्यांच्या कार्डावर मुंबई लिहिलं. त्या चौकोनात ते अगदी बरोबर बसलं.

संध्याकाळी मामांकडे. मामा बाहेरगावी गेले होते, मामीने दारातच माझ्या तोंडावरून हात फिरवला. “काय वं, मुंबईमा खावाले भेटस नही का? किती वाळी गयी!” तिने खापरावरचे मांडे केले होते. उलट्या खापरावर हातभर मोठी पातळ पुरणपोळी टाकताना पाहायला मिळाली तर सोडू नका, हॉटेलात ती मजा नाही. जेवून मी आतल्या खोलीत पडले. भिंतीत कोनाडा, उंचावर छोटी खिडकी. मामी उशी घेऊन आली आणि सहज म्हणाली, “हाई तीच खोली शे. तू आठेच जन्मनी. तुना मामानी बठ्ठी गल्लीमा पेढा वाटात.”

मला ते लहानपणापासून माहीत होतं. आईने शंभरदा सांगितलं होतं. पण त्या क्षणापर्यंत ते आणि भिंतीवर चिकटवलेला नियम यांची माझ्या डोक्यात गाठ पडली नव्हती. मी उठून बसले. माझ्या आईनेही पहिलं बाळंतपण माहेरीच केलं होतं. नियमाप्रमाणे मी धुळ्याची होते. घरोघरी हेच चालतं. पहिल्या लेकराला जन्म द्यायला मुलगी आईकडे जाते, आणि आम्ही कोश करणारे, त्याच आयांची पोरं, कुठल्या गावात नाळ पुरली यावरून माणूस कुठला ते ठरवत होतो. हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

त्या विचाराने मला खरोखर हलकं वाटलं. आता सरांना सांगायला पक्का मुद्दा होता. सर, मीसुद्धा मुंबईची नाही, मग बोला! परतीच्या गाडीत मी ते वाक्य मनातल्या मनात चार वेगवेगळ्या आवाजांत म्हणून पाहिलं. सोबत मामीने दिलेली पापडांची पिशवी होती आणि भाऊंनी दिलेला केळ्यांचा फणा, जो मुंबई येईपर्यंत काळा पडला.

सरांनी दोन्ही कार्डं पाहिली. नानांच्या कार्डावर बरोबरची खूण केली. अक्कांचं वाचताना चेहऱ्यावर काही हललं नाही. “जन्म रावेर. मग बाई जळगाव जिल्ह्याच्या झाल्या. तिकडच्यांनी छापावं.”

“तिकडचे म्हणतात त्या मुंबईच्या.”

“म्हणोत. एकाला सोडलं की उद्या पन्नास जण दारात उभे राहतील. नियम तूच चिकटवलास ना भिंतीवर?” आणि हसून पुढे म्हणाले, “छान केलंस काम. सहसंपादक, बरं का.”

मी ते वाक्य म्हटलं नाही. चारही आवाज गप्प झाले. मी म्हणाले, “हो सर.” अक्कांचं कार्ड रद्दच्या खोक्यात गेलं. मी स्वतःच टाकलं, कारण खोकं माझ्या टेबलाजवळ होतं.

पुढे जे झालं ते लिहायला मला वर्षानुवर्षं लागली. पुस्तक छापखान्यात जायच्या आदल्या दिवशी सरांनी संपादकांच्या परिचयाच्या चार ओळी मागितल्या. स्वतःबद्दल स्वतःच लिहायच्या होत्या. मी लिहिलं: जन्म मुंबई, शिक्षण मुंबई. अक्कांसाठी जे खोटं मी लिहिलं नाही ते माझ्यासाठी लिहिताना पेन जरासुद्धा थांबलं नाही. कोण पाहायला येतं?

पुस्तक आलं. चांगलं जाडजूड झालं होतं. नाना त्यात होते, मी होते. एक प्रत अक्कांना पाठवायचं मी कबूल केलं होतं, ती पाठवली नाही. काय म्हणून पाठवणार? समजावणारं पत्र दोनदा लिहायला घेतलं, दोन्ही वेळा ते नियमाच्या बाजूने झालं, म्हणून फाडलं. काही महिन्यांनी अक्कांचंच पोस्टकार्ड आलं. ते माझ्याकडे अजून आहे.

“चि. शुभास अनेक आशीर्वाद. पुस्तक निघाल्याचं सुधाकरला रावेरात कळलं. आमच्याकडे अजून पोचलेलं नाही. टपालात गहाळ झालं असणार, तुझा काही दोष नाही. जमलं तर पुन्हा एक प्रत पाठव. रेखाच्या आईला दाखवायची आहे. ती म्हणते पुस्तक पाहीन मग ठरवीन. खांबाचा आता वीतभर तुकडा उरला आहे. भरताला ये.”

मी उत्तर दिलं नाही. आधी आठवडाभर, मग पावसाळा संपेपर्यंत, मग इतका उशीर झाला की उशिराचीच लाज वाटू लागली. पुढे कधीतरी मामीकडून उडत उडत कळलं की रावेरकडच्या त्या मुंबईवाल्या बाई वारल्या. मी ते ऐकून फोन ठेवला आणि स्वयंपाकाला लागले.

त्या सहलीतून माझ्याकडे काय राहिलं, असा हिशोब करू गेले तर भरीत राहिलं, सातपुड्याची निळी रेघ राहिली, आणि कोमट पाण्यात गोल गोल फिरणारी ती बाई राहिली. मी त्यानंतर पुष्कळ फिरले, त्यावर लिहिलंही बरंच. कुणी मला तुम्ही मूळच्या कुठल्या म्हणून विचारलं की आता मी धुळं सांगते. त्याने कुणाचं काही भलं होत नाही हे मला कळतं.

त्या वाचक मुलीला मी शेवटी उत्तर लिहिलं. डिसेंबरात जा, भुसावळहून फैजपूरमार्गे एसटी घे, डावीकडची खिडकी पकड, शेवभाजी जपून. गावाचं नावही सांगितलं आणि बागेतल्या दगडी विहिरीची खूणही. मग खाली आणखी दोन ओळी लिहिल्या: तिथे रेखा नावाची कुणी बाई भेटली तर माझं नाव सांगू नकोस. तिला पोहता येतं का, एवढंच विचार आणि मला कळव.